तीन फुटी टाकीला फिल्टर कोणता? गोव्याचं पाणी, उकाडा आणि पावसातली वीज धरून

दुकानात माशांच्या टाकीचा फिल्टर विकला जातो तो खोक्यावरच्या एका आकड्यावर: ताशी ८००, १०००, १५०० लिटर. हा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. आत स्पंज भरला, नळ्या जोडल्या आणि महिनाभर गाळ बसला की प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी किती फिरतं यावर मासे जगत नाहीत. त्या पाण्यातला अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये किती आहेत आणि त्यांना ऑक्सिजन मिळतोय का, यावर जगतात. गोव्यात या जिवाणूंना तीन गोष्टी जड जातात: मऊ पाणी, वर्षभराचा उकाडा आणि पावसाळ्यात जाणारी वीज. फिल्टरची निवड इथूनच सुरू करावी.

आधी टाकीत पाणी किती ते नक्की करू. आपल्याकडे सर्रास मिळणारी ३६ × १५ × १८ इंचांची टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १६० लिटर होते. वर दोन इंच मोकळे सोडले, खाली वाळू आणि दगड घातले की प्रत्यक्ष पाणी १३० ते १३५ लिटर उरतं. पुढचे सगळे हिशेब १३५ लिटरचे आहेत. औषधाची मात्राही याच आकड्यावर काढायची, १६० वर नाही.

फिल्टरमध्ये नेमकं काय होतं

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. पहिले दोन्ही विषारी आहेत. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि ते आठवड्याच्या पाणीबदलीत बाहेर काढायचं असतं.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. तुम्ही रोज २ ग्रॅम कोरडं खाद्य घालता आणि त्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं धरा. त्यातून १३५ लिटर पाण्यात रोज लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतं. जिवाणू ते सगळं पचवत असतील तर आठवड्यात नायट्रेट लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदललं की ते आवाक्यात राहतं. झाडं असतील तर आणखी कमी.

याच कामात जिवाणू पाण्यातला कार्बोनेटचा साठाही खर्च करतात, आणि गोव्यातल्या बहुतेक घरांत खरी अडचण इथे येते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता संपते. वरच्या हिशेबाने आठवड्याला २५ मिलिग्रॅम, म्हणजे केएचच्या (पाण्यातला कार्बोनेटचा साठा मोजायचं अंशांतलं माप) हिशेबात जवळजवळ दीड अंश. ज्या पाण्याचा केएच ८ आहे तिथे हे कळतही नाही. ज्या विहिरीच्या पाण्याचा केएच मुळात १ किंवा २ आहे तिथे आठवड्याभरात साठा संपतो, पीएच घसरतो आणि ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. फिल्टर चालू असतो, पाणी आरशासारखं दिसतं आणि अमोनिया साठत राहतो.

आपलं पाणी आधी तपासा

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ आणि आम्लधर्मी असतं. पीएच ६ च्या आसपास किंवा त्याहून खाली मिळाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. फोंडा-पणजीकडे ओपाहून, दक्षिणेत साळावलीहून, बार्देशात अस्नोड्याहून येणारं नळाचं पाणी नदीचं किंवा धरणाचं असल्याने तेही बहुतेक मऊच, पण त्यात क्लोरीन असतं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला खारटपणा लागला तर ते पाणी टाकीला वापरू नका. थेंबांचं टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच. कागदी पट्ट्या दमट हवेत लवकर खराब होतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. किट महाग वाटलं तर फिल्टर एक पायरी स्वस्त घ्या, पण किट घ्याच.

केएच ३ पेक्षा कमी निघाला तर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्या, खुबे किंवा कालवं यांची शिंपलं मीठ-मसाला न लागलेली घ्यावीत, आतलं मांस पूर्ण काढावं, अर्धा तास उकळावीत, ब्रशने घासून उन्हात कडक वाळवावीत आणि जाड तुकडे करावेत. १०० ते १५० ग्रॅम तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये, जिथून पाणी वाहतं तिथे ठेवायचे. शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी झालं की ते विरघळतं आणि पीएच साडेसातच्या वर गेला की विरघळणं जवळजवळ थांबतं. त्यामुळे मात्रा थोडी चुकली तरी सहसा अनर्थ होत नाही. आठवड्याने केएच मोजा. ४ च्या आसपास स्थिरावला की पुरे. न वाढल्यास पिशवीत भर घाला. टेट्रा आणि एंजल माशांना एवढ्या केएचचं पाणी चालतं. गप्पी आणि मॉलीला याहून थोडं कठीण असलं तर उत्तमच.

आता एक धोका. पीएच घसरलेल्या जुन्या टाकीत साठलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात असतो. पीएच ७ आणि ३० अंश तापमानाला त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला मात्र साडेसात टक्क्यांच्या आसपास असतो. अशा टाकीत कोणी "पाणी खराब झालंय" म्हणून एकदम निम्मं पाणी बदललं आणि नळाच्या पाण्याचा पीएच जास्त असला, तर उरलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो आणि तासाभरात मासे वर येऊन धापा टाकतात. दोष नव्या पाण्यावर जातो. बरोबर पद्धत अशी: खाद्य बंद, रोज १० टक्के पाणी बदलायचं, अमोनिया उतरेपर्यंत हेच चालू ठेवायचं आणि शिंपलं त्यानंतर घालायची.

कोणता फिल्टर

वाळूखालचा अंडरग्रॅव्हल फिल्टर नव्या टाकीला घेऊ नये. काम करतो, पण वाळूखाली गाळ साठतो आणि तो काढायला अख्खी टाकी उपसावी लागते. काचेला आतून चिकटणारा इंटर्नल फिल्टर दोन फुटांपर्यंत ठीक आहे. तीन फुटीत त्याच्या मूठभर स्पंजमध्ये पुरेसे जिवाणू मावत नाहीत, आणि पाण्यात बुडालेल्या मोटरची उष्णताही पाण्यातच उतरते. मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर असताना ती नको असते.

काठाला लटकणारा हँग-ऑन फिल्टर दिसायला सुटसुटीत, स्वच्छ करायला सोपा. घेण्याआधी त्याची मोटर कुठे आहे ते पाहा. मोटर पाण्यात, शोषनळीच्या तळाशी असेल तर वीज आल्यावर तो आपोआप सुरू होतो. मोटर वर, पेटीत असेल आणि वीज गेल्यावर पाणी खाली उतरलं, तर वीज आल्यावर पंप कोरडाच फिरतो. आवाज येतो, रोटर झिजतो आणि घरी कोणी नसेल तर संध्याकाळपर्यंत फिल्टर बंदच. बाष्पीभवनाने पाण्याची पातळी दोन इंच उतरली की ही शक्यता वाढते.

टॉप फिल्टर, म्हणजे टाकीवर आडवा बसणारा लांब डबा, याला आपल्याकडे उगाच कमी लेखलं जातं. त्यात स्पंज आणि सिरॅमिक (जिवाणू वाढायला ठेवतात त्या सच्छिद्र रिंगा) भरपूर मावतं, पाणी हवेतून झिरपत जातं म्हणून जिवाणूंना ऑक्सिजन चांगला मिळतो, पंप पाण्यात असल्यामुळे वीज आली की चालू होतो. तोटेही आहेत: दिव्याची जागा अडते, पाणी पडल्याचा आवाज येतो आणि बाष्पीभवन वाढतं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर आमची पहिली पसंती हाच.

कॅनिस्टर, म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डब्याचा फिल्टर, टाकीखाली कपाटात बसतो. तीन फुटी टाकीला टोपल्यांची एकूण जागा ४ ते ५ लिटर आणि खोक्यावरचा आकडा ताशी १००० लिटरच्या आसपास, असा घ्यावा. शांत असतो, आतली जागा मोठी, टाकी मोकळी दिसते. पण डबा पूर्ण बंद असतो. वीज गेली की आतल्या जिवाणूंना पोचणारा ऑक्सिजन तुटतो, आणि हे जिवाणू ऑक्सिजनवरच चालतात. उष्ण पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी: संपृक्त अवस्थेत २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. डब्यातला साठा लवकर संपतो, मग आतला गाळ सडायला लागतो.

म्हणून गोव्यातल्या घरासाठी आमचा सल्ला एकाच मोठ्या फिल्टरचा नाही, दोन वेगळ्या जातींच्या फिल्टरचा आहे. मुख्य कॅनिस्टर किंवा टॉप फिल्टर, आणि दुसऱ्या कोपऱ्यात एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर. स्पंज फिल्टरला ३ ते ५ वॉट लागतात, तो घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, पाण्यात हवा घालतो आणि स्वतः जिवाणूंनी भरलेला असतो. मुख्य फिल्टर बंद पडला तरी टाकी तरते. मुख्य फिल्टर धुताना जिवाणूंचं नुकसान झालं तरी हा सांभाळून घेतो. उद्या दुसरी टाकी लावायची झाली तर तिच्या फिल्टरसाठी जिवाणूंचं बियाणं असलेला स्पंज घरातच तयार असतो. एवढ्या कमी पैशांत एवढं काम करणारी दुसरी वस्तू या छंदात नाही.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, बाण टाकीच्या दिशेने. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून प्लगपर्यंत येतं. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळणारा थेंब खालीच गळेल. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने साधे क्लॅम्प आणि सॉकेटच्या पट्ट्या गंजतात. होसपाइपला स्टेनलेसचे क्लॅम्प वापरा.

आत काय भरायचं

क्रम पाण्याच्या वाटेने लावायचा: आधी जाड स्पंज, मग बारीक, मग सिरॅमिक, शेवटी कापूस. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी तळातून वर चढतं, म्हणून जाड स्पंज सर्वांत खालच्या टोपलीत जातो. टॉप फिल्टरमध्ये पाणी वरून पडतं, तिथे तो सर्वांत वर. हा क्रम उलटा लागला की सिरॅमिकच्या छिद्रांत गाळ बसतो आणि दोन महिन्यांत त्याचा उपयोग संपतो. आपल्या मॉडेलमध्ये पाणी कुठून शिरतं हे भरण्याआधी बघून घ्या.

१३५ लिटरला इंचाला २० छिद्रांचा जाड स्पंज एक टोपली, ३० छिद्रांचा अर्धी टोपली, सिरॅमिक रिंग सुमारे २ लिटर आणि वर कापसाचा बोटभर थर. कापूस दाबून भरू नका. पाणी त्याला वळसा घालून कडेने निघून जातं. महागड्या सिरॅमिकच्या पाकिटावर लिहिलेल्या पृष्ठफळावर फार जाऊ नये, कारण आतली सूक्ष्म छिद्रं चिकट थराने लवकर बुजतात. साधा चांगला स्पंज जिवाणूंसाठी तितकाच विश्वासाचा आहे. कार्बन (सक्रिय कोळसा) रोज लागत नाही. औषध काढून टाकायचं असेल किंवा लाकडाचा तांबूस रंग घालवायचा असेल तेव्हा ठेवा, तीन-चार आठवड्यांनी फेका.

फिल्टर बसवला की प्रवाह मोजा. परतीची नळी १० लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. ६० सेकंदांत भरली तर ताशी ६०० लिटर. बादलीचा काठ टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरा. जमिनीवर ठेवली तर पाणी उताराने जोरात येतं आणि आकडा फुगतो. १३५ लिटरला ताशी ५०० ते ६५० चांगलं. एंजल किंवा फायटरसारख्या संथ पाण्यातल्या माशांना प्रवाहाचा झोत नको, म्हणून स्प्रे बार (परतीच्या पाण्याची छिद्रांची नळी) मागच्या काचेकडे वळवा. डॅनिओ आणि बार्बना मात्र वाहतं पाणी मानवतं. काहीही असलं तरी पृष्ठभागावर लाटा उठताना दिसायला हव्यात. ऑक्सिजन तिथूनच आत जातो.

मासे आणण्याआधीचे चार आठवडे

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू जवळजवळ नसतातच. टाकी भरा, क्लोरीन काढा, दोन्ही फिल्टर सुरू करा आणि मासे न घालता अमोनिया द्या. रसायनांच्या दुकानात मिळणारं २५ टक्क्यांचं शुद्ध अमोनियाचं द्रावण १३५ लिटरला १.२ मिलिलिटर पुरतं. त्याने लिटरमागे २ मिलिग्रॅम होतं. सुगंध किंवा साबण मिसळलेलं सफाईचं द्रावण चालत नाही. सिरिंजने मोजा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मगभर पाण्यात मिसळून मगच टाकीत ओता. मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका.

अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट वर चढतं आणि बरेच दिवस तिथेच राहतं. इथे लोक कंटाळून मासे आणतात. थांबा. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्या. २ मिलिग्रॅमची मात्रा दिल्यानंतर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की फिल्टर तयार. आपल्या तापमानाला याला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. मधेच सगळं ठप्प झालं तर आधी केएच मोजा. या टप्प्यात मासे नसल्यामुळे खायचा सोडा घालायला हरकत नाही: ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चमच्याहून थोडा कमी, १३५ लिटरचा केएच १ ने वाढवतो. शेवटी ६० ते ७० टक्के पाणी बदलून नायट्रेट काढा आणि मासे थोडे थोडे आणा, एका वेळी चार-सहा लहान.

ओळखीच्या कोणाची निरोगी, सहा महिने जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. ओल्या पिशवीत, उन्हापासून जपून, तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवा. निम्मा वेळ वाचतो.

क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. १० लिटरच्या बादलीला १० मिलिलिटर घाला आणि ढवळून पाच मिनिटं थांबा. पाणी उघडं ठेवून त्यात रात्रभर हवा सोडली तरी चालतं.

धुणं, आणि वीज गेल्यावर

फिल्टर नळाखाली धुवू नये. क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणीबदलीत काढलेल्या बादलीतच स्पंज तीन-चारदा पिळा. तो नव्यासारखा स्वच्छ करायचा नाही, पाणी सहज जाईल इतकाच. कॅनिस्टर सहा ते आठ आठवड्यांनी, किंवा बादलीच्या मोजणीत प्रवाह एक तृतीयांशाने घटला की उघडा. एका वेळी निम्मंच साहित्य धुवा आणि त्याच आठवड्यात स्पंज फिल्टरला हात लावू नका. कापूस बदलायचा, स्पंज आणि सिरॅमिक तुकडे पडेपर्यंत वापरायचे. चवथीला गावच्या घरी चार-पाच दिवस जायचं असेल तर फिल्टर आठवडाभर आधी धुवा, निघायच्या आदल्या दिवशी नाही, म्हणजे गळती किंवा बिघाड तुम्ही घरी असताना लक्षात येईल. तेवढे दिवस मोठे निरोगी मासे खाद्याविना राहतात. शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देण्यापेक्षा ते बरं.

पावसात वीज गेली की पहिलं काम म्हणजे खाद्य बंद. स्पंज फिल्टर इन्व्हर्टरवर नसेल तर यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवर बँकला जोडा. १० हजार एमएएचची पॉवर बँक एक वॉटचा पंप जवळजवळ दिवसभर चालवते. काही पॉवर बँक एवढ्या कमी भाराला आपोआप बंद होतात, म्हणून जूनच्या आधी एकदा रात्रभर चालवून बघा. काहीच नसेल तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उंचावरून पाच मिनिटं ओतत राहा.

कॅनिस्टर तीन-चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर वीज येताच सुरू करू नका. प्लग काढून ठेवा. आधी आतलं पाणी बादलीत ओता आणि वास घ्या. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर सगळं साहित्य टाकीच्या पाण्यात खळबळून धुवा, मग जोडा, आणि पुढचे तीन दिवस रोज अमोनिया व नायट्राइट मोजा. यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी पाणी बदला, मात्र आधी टाकीच्या आणि नव्या पाण्याचा पीएच ताडून बघा; फरक मोठा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे रोज १० टक्केच. खाद्य निम्म्यावर ठेवा.

कॅनिस्टर गळतो तो बहुतेक वेळा झाकणाच्या रबरी रिंगमुळे. खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी पुरतो. दर वेळी रिंग पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली काही जातीच्या रबराला फुगवते. डबा कपाटात उथळ परातीत ठेवा. आवाज वाढला तर रोटर काढून बारीक ब्रशने त्याच्या घरातला चिकट थर साफ करा, आणि पावसाळ्याआधी आपल्या मॉडेलची एक रबरी रिंग व एक रोटर घरात आणून ठेवा, कारण नेमके हे दोन सुटे भाग वेळेला दुकानात मिळत नाहीत.